सहाव्या लग्नाला मंदावलेली डिस्क

लग्नाचे व्हिडिओ कापून जोडायचं काम मी चार वर्षं करते आहे. राहात्यात आमच्या घरावर पत्र्याची एक खोली आहे, तिथे बसून. आधी शूटिंग आणि एडिटिंग दोन्ही मिस्टर करायचे. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कॅमेरा घेऊन दिवसभर उभं राहणं त्यांना जमेना. मग मी त्यांच्याकडूनच शिकले. आता आसपासचे तीन-चार शूटिंगवाले आपापलं शूटिंग वेगवान पोर्टेबल डिस्कवर आणून देतात आणि मी कापते. हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पंगत, पाठवणी. नवरा-नवरी बदलतात, बाकी सगळं तेच. दुपारी तीनच्या सुमाराला मला कोण कुठल्या लग्नातलं आहे तेही आठवत नाही.

गेल्या सीझनच्या तोंडावर आमचा मोठा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेला म्हणून हात वर केले. घरात मुलीचा कॉलेजमधला छोटा लॅपटॉप पडून होता. अकरा इंचांचा स्क्रीन, आत पंखासुद्धा नाही. मुलगी पुण्याला नोकरीला लागल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. आतली डिस्क एवढी लहान की एक लग्नही मावलं नसतं. मिस्टर कमरेला पट्टा बांधून श्रीरामपूरला गेले आणि एक टीबीची, म्हणजे हजार जीबीची एसएसडी, नवी वेगवान डिस्क बसवून आले.

घरी येऊन चहा घ्यायच्या आधी त्यांनी वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं.

"पाचशे वीस!" ते म्हणाले. "सेकंदाला पाचशे वीस एमबी. अगं, बघ तरी."

मी बघितलं. ऑपरेशननंतर इतक्या उत्साहाने त्यांनी मला काही दाखवलं नव्हतं, म्हणून जरा जास्तच वेळ बघितलं.

पहिली दोन लग्नं झरझर गेली. लॅपटॉप लगेच चालू व्हायचा, शूटिंग भराभर कॉपी व्हायचं. तिसऱ्या-चौथ्या लग्नाला थोडं रेंगाळल्यासारखं वाटलं, पण मला वाटलं, मीच दमलेय. सहाव्या लग्नाच्या वेळी कॉपी लावून मी खाली स्वयंपाकाला गेले. कुकर झाला, भाकरी झाल्या, जेवणं उरकली. वर येऊन बघते तर कॉपी अजून चालूच होती. वेग तीसवर आला होता.

"अहो, तुमची डिस्क बसली," मी म्हटलं.

मिस्टर हळूहळू जिना चढून वर आले. पुन्हा सॉफ्टवेअर चालवलं. पाचशे दहा.

"डिस्क चांगली हाय," ते म्हणाले. "तूच काहीतरी दहा गोष्टी उघडून बसतीस."

"मी एकच गोष्ट उघडलीय. आणि ती पुढे सरकत न्हाई."

"आकडा समोर हाय ना."

"आकड्याला सांगा मग एडिटिंग करायला," असं म्हणून मी खाली निघून आले. दुपारभर मी वर फिरकले नाही. मला भांडायचंही बळ नव्हतं. नवरीच्या वडिलांचे फोन येत होते, पेनड्राइव्ह कधी मिळेल म्हणून, आणि दर वेळी मी 'उद्या' म्हणत होते.

संध्याकाळी तेच म्हणाले, "पत्रा तापतो, म्हणून होत आसंल. डिस्क गरम झाली की दमानं चालती." मला पटलं. मीही त्या खोलीत दमानंच चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला लॅपटॉप खाली ओट्यावर आणला. गार हवा होती, लॅपटॉपही गार होता. तेच शूटिंग पुन्हा कॉपी करायला लावलं. सुरुवातीला चारशे, दोन मिनिटं व्हायच्या आत तीस.

म्हणजे उष्णता नव्हती.  मिस्टरांनी सॉफ्टवेअर उघडून त्यातली बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली.

"हे फक्त एक जीबी लिहून बघतंय गं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "आपलं लग्न एकशेवीस जीबीचं."

मग कळत गेलं तसं ते मला सांगत गेले. या डिस्कमध्ये लिहायला थोडी जागा वेगवान असते. आलेला माल आधी तिथे पडतो, म्हणून सुरुवात जोरात होते. ती भरली की डिस्कचा खरा वेग दिसतो, आणि या डिस्कचा खरा वेग अगदीच कमी होता. शिवाय डिस्क जसजशी भरत जाते तशी ती वेगवान जागाही कमी होते. पहिल्या लग्नाला डिस्क रिकामी होती, सहाव्याला पाऊण भरलेली. एक जीबीच्या परीक्षेत ती दर वेळी पास होणारच होती.

"तुझं बरोबर हुतं," ते म्हणाले. बरोबर असल्याचा आनंद व्हावा एवढी झोप माझी झालेली नव्हती.

तो व्हिडिओ एक दिवस उशिरा गेला. नवरीचे वडील फोनवर रागावले, आणि मी ऐकून घेतलं.

त्यानंतर आम्ही दोघं एसटीने श्रीरामपूरला गेलो. दुकानदार आमच्याच वयाचा, शांत माणूस. त्याने लॅपटॉप उघडून तेच सॉफ्टवेअर लावलं आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवला.

"ताई, बघा तुम्हीच. पाचशेच्या वर हाय."

मिस्टर म्हणाले, "साहेब, ते आमी रोज बघतोय. आता माझ्या पद्धतीनं परीक्षा घ्या." त्यांनी पिशवीतून शूटिंगची डिस्क काढली. "हे एक लग्न कॉपी करून दाखवा. आमी बसतो."

बसलो. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, जात होती. मिस्टरांना बसून कळ लागली की ते उठून भिंतीला टेकत, पण नजर घड्याळावरच. दुकानदार सुरुवातीला गालात हसत होता, मग मधूनमधून येऊन वाकून बघायला लागला. सव्वा तास झाला तेव्हा तो म्हणाला, "लई लोकांना विकली मी ही. कुणी अशी बघितलीच न्हाई."

"लोक फोटो आन् बिलं ठेवीत असतील. त्यांना ही पुरती," मिस्टर म्हणाले. "आमचं काम निराळं."

दुकानदाराने ती परत घेतली आणि दुसऱ्या कंपनीची दिली. त्याच पैशांत ती निम्म्या जागेचीच येत होती. तिचा आकडा चारशे नव्वद, म्हणजे कागदावर पहिलीपेक्षा कमीच. घरी आल्यावर मिस्टरांनी आधी ती जुन्या शूटिंगने पाऊण भरली आणि मग लग्न कॉपी करायला लावलं. सात मिनिटांत झालं. वेग तीनशेच्या आसपास राहिला, खाली पडला नाही.

निम्मी जागा म्हणजे मला आता लग्नं साठवून ठेवता येत नाहीत. पेनड्राइव्ह दिला की आठ दिवस वाट बघायची आणि पुसून टाकायचं. पहिल्यांदा पुसताना बोट अडखळलं, कारण त्यात एक आजोबा कॅमेऱ्याकडे बघून उगाचच हात हलवत होते. मूळ शूटिंग शूटिंगवाल्याकडे असतं हे माहीत होतं, तरी. आता अडखळत नाही.

श्रीरामपूरच्या दुकानदाराने कुणाकुणाला सांगितलं असावं. परवा सोनईच्या एका फोटो स्टुडिओवाल्याचा फोन आला, दोन डिस्क आहेत, कुठली ठेवू ते बघून द्या. मिस्टरांनी शर्टाला इस्त्री केली, पट्टा बांधला आणि त्याच्या गाडीतून गेले. जाताना विचारलं, "येतीस का? तेवढंच फिरणं हुईल."

मी नको म्हटलं. सातवं, आठवं, नववं लग्न देऊन झालं होतं आणि दहावं अजून कुणी आणलं नव्हतं. मी खालच्या खोलीत चटई टाकली, फोन बंद केला आणि ते संध्याकाळी परत येईपर्यंत झोपले.