समोरची खुर्ची

“उठा. आता त्या खुर्चीत बसा,” असं आमचे वकीलसाहेब म्हणाले की नवा पक्षकार हमखास गोंधळायचा. भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबादच्या त्यांच्या ऑफिसात टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीत बसून माणसानं आपलं गाऱ्हाणं सांगायचं. मग दुसरीत बसून ज्याच्याशी भांडण आहे त्याचं सांगायचं, अगदी त्याच्याच तोंडानं. “आधी समोरच्याचं सांगता आलं पाहिजे,” हे त्यांचं पालुपद. त्याशिवाय ते केस घ्यायचेच नाहीत.

तुम्ही म्हणाल, असा वकील चालायचा कसा? अहो, मी त्यांची ज्युनिअर, मलाही हाच प्रश्न पडायचा! सख्ख्या भावावर दावा लावायला आलेला एक गृहस्थ दुसऱ्या खुर्चीत बसला, भावाच्या बाजूनं बोलू लागला आणि बोलता बोलता रडायलाच लागला. तोंड पुसून तो थेट भावाकडे गेला. आमची केस गेली ती गेलीच. मी चिडले, तर साहेब हसत म्हणाले, “अगं, जिंकलो की आपण.” चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, “घरात मात्र यांना दुसरी खुर्ची दिसत नाही हो.”

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला! भर सभेत साहेबांनी विरोधी उमेदवारानं आणलेल्या नळाचं कौतुक केलं. कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावला. पहिल्यांदा सपाटून आपटले. पुढच्या खेपेला मात्र ‘हा खोटं बोलत नाही’ म्हणून लोकांनीच निवडून दिलं. खासदार झाले, दिल्लीला गेले, केंद्रात मंत्री झाले. मोहल्ल्यात पेढे वाटले. माझी छाती तर अशी फुगली, जणू शपथ मीच घेतली होती.

आणि मग त्यांच्याच खात्याचं धान्याचं गोदाम भोपाळच्याच करोंद भागात मंजूर झालं. तिथल्या घाऊक मंडीला लागून मोकळं मैदान आहे, तिथं बायका भाजी विकायला बसतात. नेमकं तेच मैदान. जागा गेली की त्यांच्या चुली विझणार, इतकं सरळ होतं. या बायकांची वकील मी. साहेब भोपाळला आले तेव्हा त्या बायकांना घेऊन मी त्यांच्या बंगल्यावर धडकले. रागानं अंगाची लाही लाही होत होती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून स्वतःच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “बस. आता तू मंत्री.”

पीए बघतच राहिला. मी बसले, आणि काय सांगू, बोलतच गेले. उघड्यावर भिजणारं धान्य, पोत्यात फुटणारे कोंब, मातीत जाणारी शेतकऱ्याची मेहनत. शकुनबाई, सगळ्यांत वयस्क भाजीवाली, मध्येच ओरडली, “वकीलबाई, किसकी तरफ हो आप?”

साहेब माझ्या जागी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. आता त्यांनी भाजीवालीच्या तोंडानं बोलायचं होतं. “हमारा रोजगार...” म्हणाले आणि अडकले. मी मंत्र्याच्या तोऱ्यात विचारलं, “दूसरी जगह दे देंगे. यहीं क्यों?”

कोर्टात कधी न अडखळलेला माणूस हळूच म्हणाला, “नाही सांगता येत मला. म्हणजे सही केली ती समजून न घेताच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्रीमहोदय करोंदला शकुनबाईच्या शेजारी पोत्यावर बसले होते! मंडीतला माल डोक्यावरून कसा आणतात, शेजारच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत आईकडे कशी पळत येतात, सगळं बघत दुपारपर्यंत बसले. पुढे अधिकारी कुरकुरले, पक्षातले रुसले, पण नकाशा बदलला. गोदाम मैदानामागच्या पडीक जमिनीवर उभं राहिलं. बायका जिथल्या तिथं राहिल्या.

गेल्या वर्षी वकीलसाहेब गेले. शोकसभेत मोठमोठी भाषणं झाली. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. बाप गेल्यासारखं पोरकं वाटत होतं.

परवा करोंदला भाजी घ्यायला गेले होते. बसायच्या जागेवरून दोन तरुण भाजीवाल्या कडाकडा भांडत होत्या. शकुनबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, “चल, उठ. तू इसके बोरे पे बैठ, ये तेरे पे. अब बोलो.”

दोघी तणतणत उठल्या आणि एकमेकींच्या पोत्यावर बसल्या. धाकटीनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि म्हणाली, “हाँ दीदी, यहाँ तो सच में धूप लगती है.”