पाजायची वेळ

ती मुलगी आता दोन वर्षांची झाली असेल. 'असेल' म्हणते, कारण मला माहीत नाही. तिच्या आईच्या टोळीतल्या मुकादमीणबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. तीनचार वेळा लावून पाहिला. कधी बंद लागला, एकदा कुणा पुरुषाने उचलून 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. ज्या लेकराचं वजन मी एके काळी ग्रॅममध्ये सांगायची, ते आज कसं आहे, कुठे आहे, मला सांगता येत नाही.

भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. माल मोजायचा, मापात नसला की लाल शाईची खूण करून परत पाठवायचा. या कामाने माणसाला एक खोड लागते. आपण मोजलं म्हणजे आपल्याला कळलं, असं वाटायला लागतं. निवृत्त झाल्यावर माझ्या या खोडीचा प्रसाद नवऱ्याला आणि सुनेला भरपूर मिळाला. त्यामुळे रावेतच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मदतीसाठी गट काढला, तेव्हा जायची परवानगी मला घरातून सगळ्यांत आधी मिळाली.

आम्ही सहा जणी होतो. चाकणच्या आसपास शेतात राबणाऱ्या, अंगावर पिणारं मूल असलेल्या बायांना खाण्यापिण्याच्या पिशव्या द्यायच्या, असं ठरलं. पिशवीत शेंगदाणे, गूळ, खजूर, तूरडाळ, नाचणीचं पीठ आणि साबणाच्या दोन वड्या. दर शनिवारी नाश्ता उरकून साडेदहाला निघायचं, कंटेनरच्या रांगेत तासभर घालवायचा आणि बाराच्या सुमाराला कुठल्यातरी बांधावर उतरायचं. बाराची वेळ आम्हाला सोयीची होती. ती दुसऱ्या कुणाच्या सोयीची आहे का, हे विचारायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही. मी सोबत वजनकाटा नेत असे. फांदीला अडकवायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत मूल. ही माझी भर होती आणि मला तिचा अभिमान होता.

एका गोदामाच्या निळ्या पत्र्याला लागून कांद्याचं रान होतं. तिथे परभणीकडची अकरा बायांची टोळी लागणीला आली होती. त्यांच्यात एक विशीची पोरगी होती, आणि तिची पाच महिन्यांची मुलगी बांधावरच्या लिंबाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असायची. मी पहिल्यांदा त्या मुलीला काट्यात घातलं आणि आकडा बघून पुन्हा एकदा घातलं. चार किलो तीनशे. पाच महिन्यांच्या मानाने हे फारच कमी. मी तेव्हाच ठरवून टाकलं की काहीही झालं तरी हे लेकरू मी मापात आणणार. हो, 'मापात' हाच शब्द माझ्या मनात आला होता.

मग मी नियम घालून दिले. पहिला नियम, आधी वजन, मग दूध. पोट भरलेलं असताना वजन केलं तर आकडा फसवा येतो, हे मी त्या पोरीला नीट समजावलं. "आम्ही यायच्या आधी पाजायचं नाही, बरं का." तिने मान डोलावली. वजन झालं की आमच्यातली एक तिचा तक्ता भरायची, दुसरी फोटो काढायची, आणि मी तिला काय खावं, किती पाणी प्यावं, यावर बोलायची. माझं बोलणं थोडक्यात आटोपत नाही, हे घरचे सांगतील. सगळं मिळून अर्धापाऊण तास तरी जायचा. मूल तोवर रडून लालेलाल झालेलं असे. मग रानातून मुकादमीण हाक मारायची, पोरगी लेकराला झोळीत टाकून धावत पातीवर, म्हणजे लागणीच्या तिच्या वाट्याच्या ओळीवर, जायची, आणि आमच्यातली एखादी झोळीला झोका देत "अलेले, काय झालं आमच्या सोनीला" करायची. काय झालं होतं ते आमच्या डोळ्यांसमोर होतं. आम्हाला दिसलं नाही.

दुसऱ्या शनिवारी वजन पन्नास ग्रॅमने वाढलं. तिसऱ्या शनिवारी तिथेच राहिलं. मी गटात हट्ट धरला की बुधवारीही जायचं. दोनच बुधवार गेलो आणि काटा मागे सरकला. शंभर ग्रॅम कमी. माझं डोकं फिरलं. काट्याचा आकडा तिच्यापुढे धरून मी सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "अगं, पाजतेस की नुसती झोळीत टाकून ठेवतेस? खजूर देतो, शेंगदाणे देतो, ते जातं कुठे?"

"पाजते की ओ मॅडम," ती म्हणाली. खाली बघत. तिच्या हाताला कोपरापर्यंत चिखल होता, त्यामुळे डोळे पुसायला तिने दंड वर केला. मला वाटलं, लाज वाटली तिला, बरं झालं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं हे खरं आहे.

आम्ही गाडीत बसायला निघालो तेव्हा मुकादमीणबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील, तरी मी त्यांना मावशी म्हणत होते. शहरातल्या बाईला गरीब बाई दिसली की ती तिची मावशीच असते.

"मॅडम, राग नका मानू," त्या म्हणाल्या. "पण तिला बोलला तुमी, ते काय बरुबर न्हाई केलं."

"अहो मावशी, लेकराचं वजन उतरतंय. बोलू नको तर काय करू?"

"आता आयका. आमचं काम उक्तं हाय. रान संपलं की पैका, आणि तो सगळ्यांचा सारखा. म्हणून कुणी माघं राहिलेलं चालत न्हाई. पर अंगावर पाजणारी असली तर तिला दिवसातनं तीन येळा उठायची मुभा हाय. सकाळी, दुपारी, आन चार वाजता. ती उठली की डाव्या-उजव्या हाताची बाई तिची पात वढती. आमच्यात ही रीत पयल्यापासनंच हाय. माझ्याबी लेकरांच्या येळंला आशीच वढली बायांनी."

मी म्हणाले, चांगलीच रीत आहे.

"चांगली हाय. पर तुमी येता तवा तिचं दुपारचं उठणं तुमच्यापायी जातंय. तुमी मोजता, लिवता, फोटू काढता, बोलता. तितक्यात मी हाक मारते, मला मारावीच लागते. पाजायचं राहून जातं. आन तुमचं लांबतं म्हणून बाकीच्या बायांची कुरकुर व्हती, त्यास्नीबी लेकरं हायेत. मग हीच म्हनली, मावशी, मी चारलाबी उठत न्हाई, माज्या वाट्याचं फिटूद्या. आन परत दुसऱ्या दिशी बी एक पाळी सोडती. पयलं आठवड्यातनं एकदा व्हतं. आता तुमी दोनदा येता."

डोक्यात नुसते बुधवार आणि शनिवार, शनिवार आणि बुधवार चालू झाले. लेकराचं वजन घटतंय म्हणून आम्ही जास्त वेळा येत होतो, आणि आम्ही जास्त वेळा येत होतो म्हणून ते घटत होतं. एकतीस वर्षं माल तपासणाऱ्या बाईला हे साधं गणित आलं नाही.

"तिने मला सांगितलं का नाही?" मी अखेर विचारलं.

"कसं सांगंल? पिशवी घेतली नव्हं तुमच्याकडनं. ज्याचं खाल्लं त्याला ये नको म्हणावं का? आन तुमी घालून दिलं व्हतं, आमी यायच्या आधी पाजू नको. मोठ्या बायांनी सांगितलेलं. तिनं पाळलं."

परतताना गाडीत मी सगळं सांगितलं. मग एक जण म्हणाली, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बाजाराच्या दिवशी जाऊ या. त्या दिवशी दुसरीचा उपास होता, तिसरीचा नातवाचा क्लास. चौथी म्हणाली, एवढं करून वर आपलंच चुकलं म्हणायचं का? माझा तोल गेला. मी म्हणाले, हो, आपलंच चुकलं, आणि सगळ्यांत जास्त माझं. निगडीपर्यंत आमच्यात चांगलीच जुंपली, आणि त्या रानात गटाने जायचं तिथेच थांबलं. कुणाचंही मन वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण वाईट मनाने आलेल्या माणसाला त्या पोरीने कदाचित हाकलून तरी दिलं असतं.

सोमवारी मी एकटीच बसने गेले. काटा घरी ठेवला. बरोबर बाराला बांधावर पोचले आणि मुकादमीणबाईंना म्हणाले, "तिला पाजू द्या. तिची पात मी धरते."

त्या आधी हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "बसा मग. साडी वर खोचा, चिखल हाय."

ओल्या वाफ्यात उकिडवं बसून एकेक रोप बोटाने खोचत मागे मागे सरकायचं, एवढंच ते काम. माझे गुडघे पाच मिनिटांत बोलायला लागले. डाव्या हाताची बाई माझ्या पुढे कधी निघून गेली कळलंही नाही, आणि थोड्या वेळाने ती आपली पात सोडून माझी ओढायला लागली. मी लावलेली निम्मी रोपं मुकादमीणबाईंनी उपटून पुन्हा लावली. "गळ्यापतुर पुरलं तर कांदा धरत न्हाई ओ ताई," त्या म्हणाल्या. मदत म्हणून माझा उपयोग शून्य होता. पण त्या लिंबाखाली ती पोरगी पाठ फिरवून, पदर ओढून, पूर्ण वेळ बसून होती, आणि रडण्याचा आवाज येत नव्हता.

लागण संपेपर्यंत, पंधराएक दिवस, मी दिवसाआड जात राहिले. घरात सांगितलं की चाकणला एका मैत्रिणीकडे जाते. हळूहळू माझी रोपं कमी उपटली जायला लागली. त्या पोरीशी माझं बोलणं असं झालंच नाही. मी आले की ती उठायची, ती परतली की मी उठायची, वाफ्याच्या तोंडाशी आम्ही एकमेकींच्या बाजूने जायचो. तिला काय म्हणायचं ते मी रोज येताना बसमध्ये ठरवायची. लेकराचं वजन मी पुन्हा केलं नाही. गाल भरल्यासारखे वाटायचे, पण ते माझ्या मनाचं समाधानही असेल.

टोळी जुन्नरकडे निघाली त्या सकाळी मी मुद्दाम गेले. रात्रभर जागून वाक्यं जुळवली होती. मी तुला सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. तुझं लेकरू तू उपाशी ठेवत नव्हतीस, मी ठेवत होते. मला माफ कर. एवढं तिला तोंडाने सांगितल्याशिवाय तिला जाऊ द्यायचं नाही, असं ठरवूनच घरातून निघाले होते.

मी पोचले तोवर टेंपोत भांडी, गाठोडी, बाया सगळं भरून झालं होतं. ड्रायव्हरने गाडी चालू केली, आणि आतून ते लेकरू रडायला लागलं. सकाळच्या धांदलीत त्याला पाजायचं राहिलं असणार. मुकादमीणबाईंनी टेंपोच्या पत्र्यावर थाप मारली. "थांब रे बाबा. बंद कर. तिला पाजू दे."

"मावशी, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"होऊ दे."

ती पोरगी खाली उतरली आणि बांधावर बसली. माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, तशीच वळून पदर घेतला. गाडी बंद झाली. दहा बाया टेंपोत गप्प बसून राहिल्या, कुणी कुरकुर केली नाही. मी तिच्यापासून चार पावलांवर उभी होते. मी बोलायला तोंड उघडलं की ती वळली असती, उठली असती, "काय म्हणता मॅडम" म्हणाली असती. मोठी बाई बोलत असताना ती बसून राहिली नसती.

मी उभी राहिले. लेकराचं पिऊन झालं, तिने त्याला खांद्यावर घेतलं, बायांनी हात देऊन तिला वर ओढलं, आणि टेंपो निघून गेला. माफी मागायची राहिलीच.