सोयरीक जुळवणाऱ्याचा पाय

माझ्या भावाला, धोंडीरामदादाला, मखमलाबादेत कोणी आडनावानं शोधत नाही. सोयरीकवाले दादा कुठं राहतात असं विचारलं की शेंबडं पोरसुद्धा घर दाखवतं. द्राक्षाची थोडी बाग, आणि जोडीला हा उद्योग, तोही फुकटचा. घोटीपासून निफाडपर्यंत कोणाच्या घरी मुलगी लग्नाची आहे, कोणाचा पोरगा कंपनीत कायम झाला, कोणाचा नुसताच बुलेट उडवत फिरतो, सगळं त्याच्या डोक्यात. पैसा त्यानं कधी कोणाचा घेतला नाही. मान मात्र हवा. मांडवात त्याला टोपी-टॉवेल द्यायला उशीर झाला तर पंगतीत तोंड फुगवून बसायचा.

मी त्याची धाकटी बहीण उज्ज्वला, नाशिकच्या सिडकोत दिलेली. मला त्याचं हे काम कधी आवडलं नाही, आणि ते मी त्याला तोंडावर सांगत आले.

या कामात खावं लागतं. मुलगी बघायला गेलं की पोहे, शिरा आणि वर नुसता पाक झालेला चहा. सुपारी फुटली की पेढा, साखरपुड्याला जिलबी. मध्यस्थानं नाही म्हणायचं नसतं. दादाला शुगर निघाली त्याच वर्षी दिंडोरीकडच्या एका घरी त्यानं शिऱ्याची बशी हातानं बाजूला सारली. झालं! मुलाकडचे गाडीत बसले आणि कुजबुज सुरू, की मध्यस्थ या घरचं गोड खात नाही, म्हणजे याला मुलीचं काहीतरी ठाऊक असणार. जमलेलं मोडलं. त्या पोरीचा काय दोष होता, सांगा बरं. त्यानंतर दादानं कोणाच्या घरी काहीही नाकारलं नाही. घरी येऊन अर्धी गोळी जास्त घ्यायचा आणि फिटंफाट झाली असं समजायचा.

मला शुगर आहे, एवढं बोलला असता तर शिरा टळला असता. पण तेच तर त्याला सांगायचं नव्हतं. स्थळ बघताना हाच पहिला विचारायचा, घरात शुगर-बीपी काही? आहे म्हटलं की नाक मुरडायचा. आईला शुगर, म्हणजे उद्या पोरीला निघणारच, असं म्हणून त्यानं किती चांगल्या मुली मागं टाकल्या, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. स्वतःच्या खिशात गोळ्यांची पट्टी, आणि हा दुसऱ्याच्या घरातली शुगर हुंगत फिरणार! माझं डोकं फिरायचं. त्याला दोन मुली, मोठी योगिनी आणि धाकटी आरोही. पोरी वाढल्या तसा तो घाबरत गेला. जी रीत त्यानं गावाला लावली ती एक दिवस आपलं दार वाजवणार, हे त्याला चांगलं कळत होतं.

योगिनीला घोटीचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांचं नाव कारभारी, तांदळाचे व्यापारी. माणूस शांत, घर भरलेलं, मुलगा इंजिनीअर. शुगरचं त्यांनी विचारलं नाही आणि दादानं सांगितलं नाही. सुपारी फुटल्यावर दोन्ही बापांनी एकमेकांना पेढा भरवला. दादानं अख्खा खाल्ला आणि वर दुसरा मागून घेतला. कुसावहिनी, त्याची बायको, माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि लोकांना वाटलं, मुलगी चालली म्हणून आईला भरून आलं.

मग बागेत काम करताना द्राक्षवेलींच्या मांडवाच्या तुटक्या तारेनं त्याच्या उजव्या पायाचा अंगठा कापला. पाऊल बधिर झालेलं, त्याला समजलंसुद्धा नाही. चपलेत रक्त बघून वहिनी ओरडली तेव्हा कळलं. हळद लावली, फडकं बांधलं. जखम काही भरेना. कडा पांढऱ्या पडल्या, पाऊल गार लागायला लागलं. मी दर आठवड्याला जाऊन भांडायची, की मोठ्या दवाखान्यात चल. तो म्हणायचा, दवाखान्यात कोणाचा ना कोणाचा पाहुणा असतोच, तासाभरात घोटीला फोन जाईल. एकदा मांडव उतरू दे, मग तू नेशील तिथं येतो.

तेवढ्यात गावातल्या मंगल कार्यालयात फुकट तपासणीचं शिबिर लागलं. दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधून पायातला रक्ताचा दाब मोजत होते. दादानं मोज्यावरूनच पट्टा बांधून घेतला, अंगठा दाखवलाच नाही. मशीनवाल्यानं आकडा बघून सांगितलं, काका, तुमच्या पायात हातापेक्षा जास्त दाब आहे, एक नंबर. दादा छाती काढून घरी आला. मला फोन लावून दोनदा ऐकवलं, की बघ, माझ्या पायात तरण्या पोराचा जोर हाय. मशीनपुढं मी काय बोलणार?

लग्न वैशाखात झालं. उन्हानं सगळे घामाघूम, आणि मुलीचा बाप पायात जाड मोजे घालून कन्यादानाला बसलेला. कोणी विचारलं की म्हणायचा, थंडी वाजतेय. जवळ बसलं की वास यायचा. वहिनीनं त्याच्या धोतरावर अत्तर शिंपडलं होतं. मी मंगलाष्टकांच्या अक्षता हातात धरून उभी होते आणि मला त्याच्या पायाशिवाय काही दिसत नव्हतं.

योगिनी सासरी गेली, मांडव उतरला, आणि दादाला थंडी-ताप भरला. नाशिकच्या दवाखान्यात मोजा कापून काढावा लागला. अंगठा काळा ठिक्कर, आणि काळं वर चढलेलं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण नीट समजावून सांगणाऱ्या. त्यांनी पायाचा एक्स-रे उजेडात धरला. हाडांच्या शेजारून दोन पांढऱ्या रेघा खाली गेल्या होत्या. मला वाटलं, तीही हाडंच असतील. त्या म्हणाल्या, या रक्तवाहिन्या आहेत. साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी दिसत नाही. ही दिसतेय, कारण हिच्या भिंतीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरलाय.

मग त्यांनी सगळं सांगितलं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती शरीरातल्या प्रोटीनला जाऊन चिकटते. खवा आटवताना एकदा लाल झाला की परत पांढरा होत नाही, तसं ते प्रोटीन कायमचं बिघडतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत ठाण मांडून बसतं. त्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. वाहिनी आवळायची आणि सैल सोडायची, एवढं त्यांचं काम. हे बिघडलेलं प्रोटीन त्यांना सारखं डिवचत राहतं. डिवचून डिवचून त्या पेशी आपलं काम सोडून देतात, वाढत सुटतात, आणि पुढं तर हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. चुना धरतात. मऊ नळी होती, तिचा पाइप होतो.

मी शिबिराचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, पट्टा फुगवून वाहिनी किती दाबानं मिटते ते मोजतात. ही कडक झालेली वाहिनी मिटतच नव्हती, म्हणून आकडा मोठा आला. त्याला तुम्ही जोर समजलात. पावलात रक्त पोचतच नव्हतं. जखम ताजी असताना आणलं असतं तर वाहिनी उघडून बघता आली असती, कदाचित एका अंगठ्यावर भागलं असतं.

दादा आडवा पडून ऐकत होता. त्यानं विचारलं, मांडव उतरल्यापासून गोड तोंडात घातलेलं नाही, आता ते चिकटलेलं सुटंल का? त्या म्हणाल्या, नाही काका, झालंय ते सुटत नाही, पुढचं तेवढं थांबवता येतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, दोन्ही मुलींचं रक्त आता तपासून घ्या, वेळेत कळलं तर त्यांच्यावर ही पाळी येणार नाही.

गुडघ्याखाली पाय कापला. मी बाहेर बाकावर बसून रडले, आणि रडताना त्याला शिव्याही घातल्या. ज्या पायांनी लोकांच्या पोरींसाठी अख्खा जिल्हा तुडवला, त्यातला एक त्यानं दोन पेढ्यांपायी घालवला. मला त्याची कीव येत होती आणि तितकाच रागही येत होता.

कारभारी भेटायला आले तेव्हा वहिनीनं घाईघाईनं चादर ओढली. दादा सांगायला लागला, की तार लागली, गंज होता, विष चढलं. कारभारींनी ऐकून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "धोंडीरामभाऊ, मलाही शुगर आहे. रोज दोनदा सुई टोचतो. तुम्ही शुगरवालं घर करत नाही असं ऐकून होतो. पोराचं मोडायला नको म्हणून आम्ही बोललो नाही."

दादा रडायला लागला. आमचे आईवडील गेले तेव्हासुद्धा मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, चला, एवढं सगळं झालं, पण हा माणूस आता तरी मोकळा झाला. म्हणून मी लगेच विषय काढला. योगिनीला व्याह्यांनी तपासून घ्यावं, आणि आरोहीला मी उद्या सकाळी लॅबमध्ये नेते.

दादानं डोळे पुसले. "आरोहीचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "एकदा रिपोर्टात निघालं की लपत नाय. सिन्नरच्या स्थळाचं बोलणं चाललंय."

मी कारभारींकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, त्यांचं चुकत नाही ताई, लोक कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. वहिनी चादरीची टोकं सारखी करत राहिली. माझा तोल सुटला. पाय तुटला तरी अक्कल येत नाही का रे तुला, असं मी आजारी भावाला, व्याह्यांच्या देखत म्हणाले. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आरोही पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. बीएस्सी झालेली पोर. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा माझ्या शेजारी उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं, आणि मला न समजलेले दोन शब्द तिनंच समजावले होते. मी तिचा हात धरला. म्हटलं, तू यांचं ऐकू नको, सकाळी उपाशीपोटी तयार राहा, मी घ्यायला येते.

तिनं हात सोडवून घेतला नाही. बापाच्या चादरीकडे बघत म्हणाली, "आत्या, माझं लग्न झालं की करू."