पाठमोरा चौथा सिंह

नवे पैसे नुकतेच चालू झाले होते. नाण्यावरचे सिंह बघून आई ठासून म्हणायची, "हे आमच्या डोंगरावरचं. सरकारनं तितनंच नेलं." तिचं माहेर कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याला, आणि लेण्यांच्या दारात उंच खांबावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. आणखी पुरावा कशाला हवा!

शाळेत गुरुजींनी सांगितलं, राजमुद्रा सारनाथच्या खांबावरून घेतलीय. चार दिशांना चार सिंह; चित्रात तीनच दिसतात, चौथा मागं. खाली धर्माचं चाक, एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला घोडा. इंदुरीला आमच्या घरी येऊन मी हे सगळं आईला घडाघडा म्हणून दाखवलं. सारनाथ तिनं कानाआड केलं.

"चवथा पाठमोरा व्हय? म्हंजी माझा भाऊच की गं त्यो!"

माझ्या जन्माआधी आईची आई गेली, तेव्हा तेराव्याला बहीण-भावात शब्दाला शब्द लागला होता. तेव्हापासून मामा पंचमीला मुराळी म्हणून आला नव्हता. आमच्याकडं मुराळी न्यायला आल्याशिवाय सासुरवाशीण माहेरची पायरी चढत नाही. दर पंचमीला आई लवकर कामं उरकायची आणि उगाच रस्त्याकडं बघत राहायची. मला मामाचा असा राग यायचा म्हणून सांगू!

"बैल हाय, घोडा हाय, चाक बी हाय," आई म्हणाली, "मग गाडी जुंपून यायला काय धाड भरलीय ह्याला?"

आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसताच तिनं पदर डोळ्याला लावला.

तीही पंचमी तशीच गेली, भाऊबीजही गेली. मग आईनं घरात सांगितलं, देवीला नारळ द्यायचाय. घोरावाडी स्टेशनावर गाडी धरून आम्ही मळवलीला उतरलो आणि तिच्या गावाला वळसा घालून डोंगर चढलो. लेण्यांच्या दाराशीच असलेल्या एकवीरेपुढं नारळ फोडला. सिंहांच्या खांबाभोवती आई मान वर करून फिरत राहिली. मग कडेला येऊन तिनं खाली बोट दाखवलं.

"ते बघ, चिंचंजवळचं. आमचं घर."

खळ्यात एक माणूस भात झोडत होता.

"मामा?"

"व्हय. वाळलाय लय."

"आये, हाक मार की! जाऊ की आपण खाली!"

"आपल्याच तोंडानं कुणी माहेर मागतं व्हय, येडे?"

ती दगडावर बसली. तो झोडत होता तोवर बघत राहिली. उन्हं उतरली तशी उठली, आणि आम्ही आल्या वाटेनं स्टेशनावर गेलो.

मामाचं घर मी पुढंही कधी आतून पाहिलं नाही. आईही गेली. अजून जीव तुटतो तो एवढ्यासाठीच, की ती तिथं बसलेली असताना त्यानं एकदा तरी वर बघायला हवं होतं.