गरम पाण्याचा कॉक

पौषातली थंडी. आसेगावच्या फाट्यावर धुकं एवढं, की पुठ्ठा मिलचं धुराडंही दिसेना. कस्तुराबाईनं रद्दीच्या ढिगाजवळ पोतं अंथरलं. वह्यांच्या पिना उपटायला बसायच्या आधी ती मागच्या भिंतीकडं गेली, पदरानं कॉक फिरवला अन् ड्रम भरायला लावला. रोजचंच काम, हात आपसूक चालले. तेवढ्यात रद्दीचा ट्रक आला, तशी ती गठ्ठे उतरवायला धावली.

हे गरम पाणी बायांचं होतं. पुठ्ठा वाळवणाऱ्या रोलरांत वाफ जायची अन् तिचं पाणी होऊन नालीत वाहायचं. त्या पाईपाला कॉक बसवून घेतला तो कस्तुराबाईनंच, मालकाच्या बापाशी भांडून. तेव्हापासून रद्दीवाल्या बाया हिवाळ्यात त्या पाण्यानं हात धूत अन् घरी जाताना बादली भरून नेत.

यंदा मालक सतीशभाऊंनी तेच पाणी नव्या पाईपानं बॉयलरच्या टाकीत वळवलं. विहिरीचं गार पाणी तापवायला तुराट्या फार जळत होत्या. "जळण कमी लागलं तं मिल चालंल, नाही तं होळीले कुलूप," असं त्यांनी कालच ऐकवलं होतं. जुन्या कॉकला हात लावू नका, हेही सांगितलं होतं. आज पहिला दिवस.

बॉयलरवाला जगदेव ओरडतच बाहेर आला. "भाऊ, टाकी खाली होऊन राह्यली! काचेतलं पानी उतरलं!"

बॉयलरवरच्या काचेच्या नळीतलं पाणी दिसेनासं झालं, की बॉयलर फुटायची भीती. मिलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक.

"मंग इहिरीचं सोड!"

"इहिरीच्या मोटरीची लाईन गेली ना सकाळीच! आग बाहेर ओढतो मी." जगदेवनं लोखंडी दाताळं उचललं.

"थांब जगदेव! आग ओढली तं आजचा दिवस गेला."

"अन् बॉयलर गेला तं आपुन सारेच गेलो, भाऊ."

आतून निखारे फरशीवर पडल्याचा आवाज आला. सतीशभाऊंनी कपाळावर हात मारला. "पाईपच बेकार! फुटला कुठंतरी. उद्या काढून फेकतो."

कस्तुराबाईनं मागं पाहिलं. भिंतीपलीकडं धुक्याहून दाट, पांढरी वाफ उभी होती. कॉक उघडाच राहिला होता. शेजारच्या रूपानंही ती पाहिली अन् मावशीचं कोपर घट्ट धरलं.

"गप राय मावशी. पाईप निघाला तं पानी आपलंच."

खरं होतं. गप बसलं की झालं. कस्तुराबाईनं आपल्या भेगाळल्या बोटांकडं पाहिलं. आत दाताळं पुन्हा खणखणलं, तशी ती कोपर सोडवून पळाली. ड्रम केव्हाचा भरून वाहत होता. पदर धरायचं भान राहिलं नाही. तापला कॉक तिनं उघड्या हातानंच आवळला.

"पाईप चांगला हाय, भाऊ," ती धापा टाकत म्हणाली. "कॉक म्या खोलला होता. केला बंद."

"काल सांगतलं होतं ना?"

"मले सांगतलं होतं. हाताले कुठं सांगतलं?"

टाकीत पाणी पडायला लागलं, पंपाचा आवाज भरला. जगदेव दाताळं धरून काचेपुढं उभा. अर्धी आग फरशीवर धुमसत होती. नळीच्या तळाशी पाणी थरथरलं, बोटभर चढलं.

"आलं बाप्पा," तो म्हणाला अन् खालीच बसला.

सतीशभाऊ नव्या पाईपाकडं वळले. "राहू दे पाईप. उद्या पुन्हा पेटवू," ते म्हणाले.

गठ्ठ्याची सुटलेली तार घेऊन कस्तुराबाईनं कॉक करकचून बांधला.

"धू आता हात बरफानं," रूपा फणकारली.

"उद्या माया हात आपसूक कॉकाकडं गेला तं तू धरशीन का? सरक तिकडं." ती पोत्यावर बसली, पोळला तळवा लुगड्याला पुसला, अन् वरची वही ओढून तिची पिन उपटली.