कागदावरचा जावई

आधीच सांगते, मला मुलगी नाही. दोन पोरं आहेत, दोन्ही एकापेक्षा एक आळशी. तरीही लातूरच्या कोर्टात शिपायापासून सगळे मला सासूबाई म्हणायचे, कारण पोलिसांच्या कागदावर मला जावई होता.

नांदेडला बहिणीकडं निघाले होते. एसटीत कंबर धरते म्हणून थोरल्यानं मोबाइलवरून एका खासगी गाडीत सीट काढून दिली. बसता बसताच गाडीवाला पोरगा म्हणाला, "वाटंत कुणी इचारलं तर पाहुणे म्हणायचं बरं का. पांढऱ्या पाटीची गाडी हाय, भाडं घेता येत न्हाई." आपल्याकडं ही रीतच आहे. मी हाव म्हटलं. शेजारी नांदेडचे बांगडीवाले चाचा होते, तेही हाव म्हणाले.

अहमदपूरच्या अलीकडं गाडीवाल्या पोराचा फोन वाजला. परतीची सीट विचारणारं कुणीतरी होतं. हा बोलत बोलत उसाच्या ट्रॉलीला मागून जाऊन धडकला. त्या दोघांना खरचटलंसुद्धा नाही. माझा उजवा हात मात्र कोपरात मोडला. मी ब्लाउज शिवते. त्या हातावर घर चालतं, पोरांवर नव्हे.

जमादार आला. "कोण कुणाचे तुम्ही?" चाचा ताडकन म्हणाले, "भांजा है मेरा." जमादारानं चाचांची टोपी बघितली, मग काचेपाशी लावलेली निळी झेंडी बघितली. चाचांनी लगेच भर घातली, "माना हुआ." मग तो माझ्याकडं वळला. हात असा ठणकत होता की काही सुचेना, आणि भाचा तर चाचांनी आधीच घेतला होता. म्हटलं, "जावई हाय माझा." त्यानं तसंच लिहून घेतलं.

हातात सळई घातली तरी कोपर वळेना. डॉक्टर म्हणाले, आणखी एक ऑपरेशन करा, नाहीतर कात्री विसरा. भरपाई मिळाल्याशिवाय ते जमणार नव्हतं, म्हणून गाडीवाल्या पोरावर आणि त्याच्या विमा कंपनीवर दावा लावला. तारखेला मला कोर्टात कोण सोडायचं? तोच, ज्याच्यावर दावा. त्याच गाडीतून, पत्रा ठोकलेल्या. माझा वकील डोक्याला हात लावायचा. "बाई, निदान कोपऱ्यावर तरी उतरत जा." मी कशाला उतरू? हात त्यानं मोडलाय, तर दारापर्यंत सोडायला काय झालं त्याला!

कंपनीच्या वकिलानं मात्र जावई धरूनच ठेवला. म्हणे सासू-जावयानं मिळून डाव रचलाय, लग्नाचा पुरावा आणा. मुलगीच नाही तर पुरावा कुठला आणू? शेवटी माझ्या वकिलानं समजावून सांगितलं. खोटं धरून बसलात तर दावा हातचा जाईल. खरं सांगितलंत तर कोर्ट बहुधा कंपनीला भरपाई द्यायला लावेल, पण खासगी गाडीत भाडं घेतलं म्हणून कंपनी ती पुन्हा पोराकडून वसूल करेल.

"त्याच्याकडं आहे काय?" मी विचारलं.

"गाडी," वकील म्हणाला.

साक्षीच्या दिवशीही त्याच्याच गाडीतून निघाले. मला त्याचा राग होता, आणि तो राग टिकत नव्हता याचा जास्त राग होता. कोर्टाच्या फाटकापाशी त्यानंच विषय काढला. "मावशी, काय हाय ते सांगून टाका. हात तुमचा हाय."

सांगून टाकलं. मुलगी नाही, जावई नाही, पैसे देऊन बसले होते, हा फोनवर बोलत होता. कंपनीचा वकील एकदाचा खूश झाला. पोरगा खाली मान घालून उभा होता.

बाहेर आल्यावर मी एसटी स्टँडची वाट धरली. त्याच्या गाडीत कुठल्या तोंडानं बसणार? मागून हॉर्न वाजला. गाडी शेजारी येऊन थांबली आणि त्यानं आतून दार उघडलं.

"बसा मावशी," तो म्हणाला. "अजून माझीच हाय."