बिननोंदीचा उमेदवार

आमच्या प्रभागात यंदा कुलूपवाला उभा राहणार होता. त्याचं सांगणं एकच: कर म्हणजे चोरी, परवाना म्हणजे खंडणी, आणि सरकारनं माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं. मला हा इसम कधीच आवडला नाही.

त्याचा बाप फूटपाथवर किल्ल्या करायचा. एकदा पालिकेची गाडी आली आणि कानशी, पक्कड, किल्ल्यांचा जुडगा, सगळं उचलून घेऊन गेली. हा नऊ वर्षांचा, गाडीमागं धावला. इथवर मी त्याच्या बाजूनं आहे. पण बापानं अंथरूण धरल्यावर घर थोरल्या बहिणीनं ओढलं, त्याच पालिकेच्या दवाखान्यात लोकांच्या जखमा बांधून. भाषणात ती कधी येत नाही. "मी कुणाचं खाल्लं नाही," म्हणतो.

किल्ली घासताना बोट कापलं की तो दवाखान्याच्या मागच्या दारानं शिरायचा. "केसपेपर नको हं ताई. सरकारी वहीत आपलं नाव नको." ताईला भावाचा शब्द मोडवायचा नाही. त्याचं बघून सुतार, वेल्डर, भंगारवाले मागूनच येऊ लागले. रांग नाही, नोंद नाही. ताई पट्ट्या बांधत राहिली. तिचं चुकलं ते एवढंच.

मग चौकातल्या सभेत त्यानं दवाखान्याच्या नोंदींचा कागद फडकावला. "दिवसाला अकरा रुग्ण! अकरा डोक्यांसाठी हा पांढरा हत्ती पोसायचा? निवडून आलो की पहिलं कुलूप तिथं." टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्या कितीतरी हातांना ताईच्याच पट्ट्या होत्या.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला तो दवाखान्याच्या मागच्या दारातून धापा टाकत आला. मी समोरच्या बाकावर होतो. सूचक म्हणून सही करणारा शिंपी ऐनवेळी पळाला होता. तीनला अर्जाची खिडकी बंद.

"ताई, सही कर. घरचंच काम."

ताई चिमटे उकळत होती. "अकरा म्हणालास ना?"

"वहीतला आकडा आहे. मी कुठं बनवला?"

"तूच बनवलास, बाबा. मी हातभार लावला."

"उगाच डोक्यात राख घालू नकोस. इथं जीव टांगणीला लागलाय माझा."

"माझ्यावर सक्ती आहे का?"

हा प्रश्न तो प्रत्येक सभेत विचारायचा.

"सक्ती कसली... पण आईची शपथ आहे तुला."

स्वातंत्र्याची पोथी संपली की हे उरतं.

ताईनं हात पुसले. त्याच्या पाठीमागं उभ्या वेल्डरला म्हणाली, "ए, पुढच्या दारानं ये. आधी केसपेपर."

"आज काय नवीन, ताई?"

"दवाखाना राहायला हवाय ना तुला? मग नाव सांग."

वेल्डर वळसा घालून आला. कुलूपवाला माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही तरी?"

"मी रांगेत आहे," मी म्हणालो.

तीन वाजले तेव्हा ताई तिसऱ्या माणसाचा पत्ता लिहून घेत होती. कुलूपवाला अर्ज हातात धरून उभाच होता. मला त्याची जराही दया आली नाही.